विंचवाचं बिऱ्हाड आणि कराचं घर

गेल्या वर्षी जुलैत, पुण्यात पाऊस नुसता रिपरिपत होता तेव्हा, माझ्याकडे एक तिकीट आलं. आयटीतलं तिकीट म्हणजे प्रवासाचं नव्हे. सॉफ्टवेअरबद्दलच्या प्रत्येक तक्रारीला एक नंबर मिळतो, तिला आम्ही तिकीट म्हणतो. आमची टीम अमेरिकेतल्या एजन्सींसाठी पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळते. तिथले लोक झोपलेले असताना आम्ही त्यांच्या पगाराची गणितं दुरुस्त करतो.

तक्रार एका नर्सची होती. अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ नावाचा पेशा आहे. एखाद्या गावच्या हॉस्पिटलला नर्स कमी पडल्या की एजन्सी त्यांना बाहेरून पाठवते. कंत्राट साधारण तेरा आठवड्यांचं असतं. ते संपलं की पुढचं गाव. पगाराचे दोन भाग असतात: तासांचा पगार, ज्यावर कर लागतो, आणि राहण्या-जेवणाचा भत्ता, जो ठरावीक अटींवर करमुक्त असतो. या बाईंचा भत्ता आमच्या सॉफ्टवेअरने एका महिन्यात अचानक करपात्र धरला होता. हातात येणारे पैसे चांगलेच कमी झाले होते.

त्यांनी लिहिलं होतं ते थोडक्यात असं: काम तेच, एजन्सी तीच, आणि आधी जशी आरव्हीत राहत होते तशीच आताही राहते. मार्चमध्ये ओहायोतलं घर विकलं, एवढाच काय तो बदल. मग माझा भत्ता का बदलला?

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, घरगाडी. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं. इन्स्टाग्रामवर सूर्यास्तासमोर कॉफीचा मग धरलेली जोडपी जिच्या दारात बसलेली असतात, ती. ‘नोमॅडलँड’ हा सिनेमा पाहिला असेल, तर तिची दुसरी बाजूही माहीत असेल.

मी कोड उघडला. बग नव्हता. तीन प्रश्न होते, प्रत्येकाचं उत्तर होय किंवा नाही. तीनही ‘होय’ असतील तर भत्ता करमुक्त. दोन असतील तर माणसाने तपासायचं. एक किंवा शून्य असेल तर खात्याला शिक्का बसणार: ‘आयटिनरंट’. घर विकल्यावर बाईंची तीनही उत्तरं ‘नाही’ झाली होती. ‘अपेक्षेप्रमाणे चालतंय’ असा शेरा मारून मी तिकीट पाच मिनिटांत बंद करू शकले असते.

केलं नाही. त्यात फार मोठेपणा नव्हता. हे तीन प्रश्न आले कुठून, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. पुढचे तीन शनिवार-रविवार मी अमेरिकी न्यायालयांचे जुने निकाल वाचत बसले. हा लेख त्या वाचनाचा आहे.

घरगाडी आणि आयकर: एका वयाची दोन भावंडं

अमेरिकेत आधुनिक आयकर १९१३ मध्ये आला. घरगाडीही साधारण तेव्हाचीच. पिअर्स-ॲरो कंपनीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘टूरिंग लँडॉ’ नावाची गाडी मांडली ती १९१० मध्ये. तिच्या मागच्या सीटचा पलंग होत असे. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाचा गाडीत मुक्काम करणाऱ्यांचा संघ निघाला. म्हणजे सरकार प्रत्येकाच्या कमाईचा हिशोब मांडायला लागलं, त्याच सुमारास काही लोकांनी चाकांवर बिऱ्हाड थाटलं.

पण करकायद्याच्या नजरेसमोर तेव्हा घरगाडीवाला नव्हता. फिरता विक्रेता होता. घर एका गावी, धंदा दहा गावी, रात्र हॉटेलात. त्याचं जेवण आणि हॉटेलचं भाडं हा धंद्याचा खर्च धरायचा की खाजगी? सुरुवातीला उत्तर होतं: खाजगी. माणूस घरी असला तरी जेवतोच की! १९२० मध्ये सरकारने थोडी ढील दिली. घरी जेवणावर जो खर्च झाला असता, त्याच्या वर जेवढा होईल तेवढा वजा करा. आता कल्पना करा, ‘मी घरी असतो तर किती जेवलो असतो’ याचा हिशोब लाखो विक्रेते लिहून देताहेत आणि कारकून तो तपासताहेत. वर्षभरात सगळे कंटाळले. १९२१ च्या कायद्याने ही भानगड मिटवली. धंद्यासाठी घरापासून दूर असताना झालेला प्रवास, जेवण आणि मुक्काम यांचा संपूर्ण खर्च वजा करायला परवानगी मिळाली.

‘घरापासून दूर.’ इंग्रजीत तीन शब्द. शंभर वर्षं झाली, यांतल्या ‘घर’ या शब्दावरून भांडणं चालू आहेत. कायद्याने घर म्हणजे काय हे सांगितलंच नव्हतं. करखात्याने आपला अर्थ लावला: घर म्हणजे तुमच्या कामाचं मुख्य ठिकाण. बायको-मुलं, अंगण, तुळस जिथे असेल ते नव्हे. यालाच पुढे ‘टॅक्स होम’, कराचं घर, म्हणू लागले.

वकिलाच्या तेहतीस फेऱ्या

हा अर्थ बरोबर का, हे ठरवायची संधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९४६ मध्ये मिळाली. फ्लॉवर्स नावाचा एक वकील मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात राहत होता. नोकरी एका रेल्वे कंपनीत, तिचं मुख्य कार्यालय शेजारच्या अलाबामा राज्यात, मोबील शहरात. कंपनीने त्याला जॅक्सनमध्ये राहायची मुभा दिली होती. अट एकच, येण्याजाण्याचा आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च त्याने स्वतः करायचा. १९३९ मध्ये त्याने अशा तेहतीस फेऱ्या मारल्या आणि खर्च करातून वजा मागितला.

न्यायालयाने नकार दिला. कारण असं की हा खर्च धंद्याच्या गरजेतून झालेला नाही, जॅक्सनमध्ये राहायच्या त्याच्या हौसेतून झालेला आहे. खर्च वाजवी हवा, घरापासून दूर असताना झालेला हवा आणि धंद्याच्या गरजेने झालेला हवा, अशा तीन कसोट्या या निकालाने घालून दिल्या. गंमत म्हणजे ‘घर’ म्हणजे काय, हे ठरवायचं न्यायालयाने इथेही टाळलं. तिसऱ्या कसोटीवरच वकील हरतोय, मग दुसरीत कशाला शिरा? न्यायमूर्ती रटलेज एकटेच वेगळं मत नोंदवून गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: लोक ज्याला घर म्हणतात, कायद्यानेही त्यालाच घर म्हणावं.

निकाल वाचताना मला आमच्या ऑफिसातल्या मीटिंग आठवल्या. ज्या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे तो पुढच्या मीटिंगवर ढकलायचा आणि आजची मीटिंग वेळेत संपवायची.

दागिने विकणारा माणूस

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते १९७१ च्या एका निकालाने. रोझेनस्पॅन खटला म्हणून तो ओळखला जातो.

हा माणूस न्यूयॉर्कच्या दागिने बनवणाऱ्यांसाठी फिरता विक्रेता होता. वर्षातले सुमारे तीनशे दिवस तो गाडीने फिरत असे. वर्षातून पाच-सहा वेळा न्यूयॉर्कला यायचं, मालकाच्या कार्यालयात हिशोब द्यायचा, नमुने घ्यायचे, परत रस्त्यावर. १९४८ मध्ये त्याची बायको वारली होती. त्यानंतर त्याने ब्रुकलिनमधलं बिऱ्हाड मोडलं. कागदोपत्री पत्ता भावाच्या घरचा ठेवला. थोडे कपडे, सामानही तिथे. पण ब्रुकलिनला आला की तो बहुधा विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरे. भावाच्या घरी फार दिवस पाहुणा होऊन राहणं त्याला बरं वाटत नसे.

त्याने हॉटेल आणि जेवणाचा खर्च वजा मागितला. आता करखात्याचा नेहमीचा युक्तिवाद घ्या: घर म्हणजे कामाचं मुख्य ठिकाण. त्या हिशोबाने त्याचं ‘घर’ न्यूयॉर्क, आणि तीनशे दिवस तो घरापासून दूर. वजावट मिळायला हवी होती. पण इथे सरकारने बाजू फिरवली. या माणसाला घरच नाही, आणि ज्याला घर नाही तो घरापासून दूर कसा असेल?

निकाल न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांनी लिहिला. मोठा विद्वान माणूस. त्यांनी करखात्याची जुनी व्याख्या मान्य केली नाही. घर म्हणजे घरच, असं ते म्हणाले. पण त्याच कारणाने विक्रेताही हरला. त्याला घर नव्हतं. आणि या वजावटीचं कारणच मुळी दुहेरी खर्च हे आहे: घराचं भाडं किंवा हप्ता चालू असताना धंद्यासाठी दुसरीकडेही पैसे मोजावे लागतात, म्हणून सवलत. रोझेनस्पॅन एकदाच मोजत होता, हॉटेलला.

न्यायाधीशांचं तर्कशास्त्र मला पटलं. आणि तरीही भावाच्या दारावरून पुढे जाऊन हॉटेलात उतरणारा तो माणूस मनातून जाईना. का ते पुढे सांगते.

तीन प्रश्नांचा जन्म

दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, करखात्याने एक फर्मान काढलं. ज्याच्या कामाचं मुख्य ठिकाण ठरत नाही, त्याला घर आहे की नाही हे तीन प्रश्नांवरून ठरवायचं. एक, तुम्ही ज्याला घर म्हणता त्या भागात थोडंफार काम करता का, आणि ते करताना त्याच घरी राहता का? दोन, कामासाठी बाहेर जावं लागल्याने तुमचा राहण्याचा खर्च दुहेरी होतो का? तीन, त्या भागाशी तुमचा संबंध टिकून आहे का: कुटुंब तिथे आहे का, किंवा तुम्ही स्वतः तिथे वरचेवर मुक्कामाला असता का?

हेच ते माझ्या कोडमधले तीन प्रश्न! १९७३ ची कसोटी, कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी जावात लिहिलेली, आणि २०२५ च्या पावसाळ्यात माझ्या स्क्रीनवर.

आता नर्सबाईंचं गणित उलगडलं. घर होतं तेव्हा त्या दोन कंत्राटांच्या मध्ये ओहायोला जात, तिथल्या हॉस्पिटलात काही पाळ्या करत, स्वतःच्या घरी झोपत. पहिलं ‘होय’. घराचा हप्ता चालू, शिवाय दुसऱ्या गावी आरव्ही पार्कचं भाडं. दुसरं ‘होय’. दर दोन-तीन महिन्यांनी घरी मुक्काम. तिसरं ‘होय’. घर विकल्यावर पाळ्या तशाच राहिल्या, पण त्या आता गाडीतच झोपत होत्या. खर्च एकेरी झाला. संबंध उरला तो ओळखीपाळखीचा. एका विक्रीने तीनही उत्तरं उलटली. त्यांना वाटत होतं, आपण खर्च कमी केला. कायद्याच्या हिशोबी त्यांचं ‘दूर असणं’च संपलं होतं.

त्यांनी पत्ता बदलून टेक्सासमधल्या एका पत्रपेटीचा दिला होता. यामागेही मोठा इतिहास आहे. कायम घरगाडीत राहणाऱ्यांचा ‘एस्केपीज’ हा क्लब १९७८ मध्ये सुरू झाला. त्याचं ठाणं टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी आहे. सभासदांची टपाल तिथे येते आणि ते जिथे असतील तिथे पाठवली जाते. टेक्सास, फ्लोरिडा, साउथ डकोटा या राज्यांत राज्याचा आयकर नाही, म्हणून घरगाडीवाले बहुधा यांपैकीच एका राज्याचे रहिवासी होतात. गाडीची नोंदणी, लायसन्स, मतदान यांसाठी असा पत्ता कामी येतो. पण केंद्रीय करासाठी पत्रपेटी म्हणजे ‘टॅक्स होम’ नव्हे. खूप जण इथे फसतात.

गाडीत पलंग आहे? मग ते घर

इथपर्यंत कायदा म्हणतोय की घरगाडीवाल्याला घर नाही. पण गोष्टीला दुसरी बाजू आहे.

१९७० च्या दशकात लोक राहत्या घराचा कोपरा ‘ऑफिस’ म्हणून दाखवत, आणि सुट्टीतली घरं ‘धंदा’ म्हणून. हे रोखायला १९७६ मध्ये नवं कलम आलं, २८०अ. राहत्या वास्तूतला एखादा भाग धंद्याचा म्हणून दाखवायचा असेल, तर तो नियमितपणे आणि फक्त धंद्यासाठीच वापरलेला हवा. आणि राहती वास्तू म्हणजे काय? घर, फ्लॅट, मोबाइल होम, बोट आणि तत्सम मालमत्ता. १९८० मध्ये टॅक्स कोर्टाने छोटी मोटारहोमही यात बसवली. झोपायची, स्वयंपाकाची, आंघोळीची सोय आहे ना, मग ते राहतं घर.

‘फक्त धंद्यासाठीच’ ही अट वनबीएचकेत पाळता येईलही. घरगाडीत कशी पाळणार? ज्या टेबलावर सकाळी लॅपटॉप, त्यावरच दुपारी जेवण, आणि रात्री ते खाली पाडून त्याचाच पलंग. लॉकडाऊनमध्ये मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून दोन रिलीज काढल्यात, त्यामुळे हे मला फार समजावून सांगावं लागलं नाही.

याचं टोक दिसतं २०१४ च्या एका निकालात. एक जोडपं घरगाडीवाल्यांनाच विमा पॉलिसी विकत असे. घरगाड्यांचे मेळावे भरतात, तिथे आपली गाडी घेऊन जायचं, दारात खुर्च्या मांडायच्या, लोकांशी बोलायचं, आत बसून कागदपत्रं करायची. इथे गाडी म्हणजेच दुकान. कोर्टाने मान्य केलं की धंदा खरा आहे आणि गाडीचा वापरही खराच धंद्यासाठी आहे. पण वर्षात १४ दिवसांहून अधिक खाजगी वापर झाला तर त्या गाडीला राहत्या घराचे नियम लागतात, आणि मेळाव्याच्या दिवशी संध्याकाळी गाडीत बसून टीव्ही पाहिला तरी तो खाजगी वापर. गाडीवरच्या खर्चाच्या वजावटी गेल्या. निकाल कठोर वाटेल, हे खुद्द न्यायाधीशांनीही मान्य केलं. पण कायद्याचे शब्द असे आहेत, त्याला इलाज नाही.

आणि तिसरी तऱ्हा बघा. १९८६ च्या करसुधारणेनंतर घरकर्जाच्या व्याजाची वजावट मुख्य घर आणि आणखी एक घर यांनाच राहिली. त्यात घरगाडी चालते! झोपायला जागा, शेगडी आणि संडास असला की कर्जाच्या व्याजापुरती ती घर ठरते.

म्हणजे एकच गाडी. प्रवासखर्चाच्या कलमाने विचारलं तर उत्तर येतं, हे काही तुम्ही दूर जावं असं घर नाही. ऑफिसखर्चाच्या कलमाने विचारलं तर, अर्थातच घर आहे. व्याजाच्या कलमाने विचारलं तर, हो हो, घरच. असं फंक्शन मी लिहिलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्ये माझी धिंड निघाली असती.

आपल्याकडे ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतात. अमेरिकी करकायद्याने त्या विंचवाला दोन्हीकडून पकडलं आहे. बिऱ्हाड पाठीवर आहे, म्हणून तू घर सोडून गेलेला नाहीस. आणि पाठीवर बिऱ्हाड आहे, म्हणून ती पाठ धंद्याची नाही.

मग उरतं काय?

स्वतःचा धंदा असणाऱ्याला बरंच उरतं: कामाचा लॅपटॉप, कामापुरतं इंटरनेट आणि फोन, सॉफ्टवेअर, धंद्याचा विमा. मात्र नोंदी चोख हव्यात. पूर्वी इथे थोडी सूट होती. ब्रॉडवेचा नट आणि गीतकार जॉर्ज कोहान याने १९२० च्या दशकात प्रवास आणि मेजवान्यांचा भरमसाट खर्च दाखवला होता, पावती एकही नाही. १९३० मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड म्हणाले, खर्च झालाय हे उघड आहे, मग अंदाजाने का होईना पण काहीतरी द्या. १९६२ मध्ये संसदेने प्रवास आणि मेजवानीच्या खर्चापुरता हा दरवाजा लावून घेतला. तारीख, ठिकाण, रक्कम, कारण, सगळं लिहिलेलं हवं.

नोकरदारांचं मात्र फारच थोडं उरलं. २०१७ च्या कायद्याने नोकरीतल्या स्वतः केलेल्या खर्चांची वजावट २०१८ पासून थांबवली. ती २०२५ पर्यंतच थांबलेली असणार होती. २०२५ च्या नव्या कायद्याने ती जवळजवळ सगळ्यांसाठी कायमची बंद केली. त्यामुळे नर्सबाईंसारख्या नोकरदाराला एकच वाट उरते: मालकाने दिलेला करमुक्त भत्ता. आणि त्या वाटेवर ते तीन प्रश्न उभे आहेत. १९९२ पासून आणखी एक रेघ आहे. एका ठिकाणचं काम वर्षाहून जास्त चालणार असेल, तर ते तात्पुरतं मानलंच जात नाही.

हे अन्यायाचं आहे का?

पहिल्या शनिवारी मी ‘हो’ म्हणाले असते. तिसऱ्या रविवारी तेवढी खात्री राहिली नव्हती.

माझंच घ्या. मी पुण्यात खोलीचं भाडं कर भरून उरलेल्या पगारातून देते. (एचआरएची सवलत मिळते ती पगाराच्या रचनेवर आणि भाडेपावतीवर, आपल्याकडे घराचा पुरावा म्हणजे पावती.) अमेरिकेत एका गावी राहून तिथेच काम करणारी नर्सही भाडं किंवा हप्ता करानंतरच्या पैशातूनच भरते. मग जिचं एकमेव राहणं घरगाडीत आहे, तिच्या पार्कचं भाडं करमुक्त का असावं? फ्रेंडली यांचं हे म्हणणं मला खोडता आलं नाही. प्रवासखर्चाच्या बाबतीत कायदा फिरत्या माणसाला शिक्षा करत नाही, घरवाल्याच्या दुहेरी बोज्यावर फुंकर घालतो.

माझी तक्रार दुसऱ्या बाजूची आहे. ज्याला ‘तुला घर नाही’ म्हणून एक दार बंद केलं, त्याच्यासाठी दुसरं दार ‘तुझं हे घर आहे’ म्हणून बंद करायचं नसतं. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे आहेत, पण दोन्ही लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता: ज्याचं घर एका जागी उभं आहे आणि जो कामासाठी तिथून निघतो. घर आणि काम एकाच चाकांवर असलेला माणूस त्यांच्या टेस्ट केसेसमध्ये नव्हताच. आणि टेस्ट केसेसमध्ये जो नसतो, त्याच्या वाट्याला काय येतं ते मला धंद्यामुळे चांगलं माहीत आहे.

‘आयटिनरंट’ला मराठीत काय म्हणायचं, यावरही मी अडले होते. शब्दकोश सांगतो: फिरता, भटका. ‘भटका’ टाइप केलं आणि बोट थांबलं. आपल्याकडे या शब्दामागे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आहे, १९५२ मध्ये तो रद्द झाल्यावरही न पुसलेला संशय आहे, आणि रहिवासाचा पुरावा नाही म्हणून दाखला न मिळणारी माणसं आजही आहेत. घरगाडीतल्या अमेरिकी नर्सची आणि त्यांची तुलना होऊच शकत नाही. पण फॉर्मवरचा पत्त्याचा रकाना कुणाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असतो, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

कायमचा पत्ता

आता रोझेनस्पॅनचं सांगते. बाबा गेल्यावर आम्ही कराडचं घर विकलं. आई ताईकडे नाशिकला गेली. पुण्यात मी पाच वर्षांत चार खोल्या बदलल्या. माझ्या आधारवर, पासपोर्टवर ‘कायमचा पत्ता’ म्हणून काकांचं घर आहे. काका-काकू प्रेमळ आहेत. तरी तिथे जायचं असलं की मी आधी फोन करते, ‘येऊ का?’ विचारते, आणि दोन रात्रींच्या वर राहत नाही. गेल्या वर्षी मित्राच्या लग्नाला कराडला गेले तेव्हा काकांना न कळवता लॉजवर उतरले. कारण सांगता आलं नसतं. १९७१ चा निकाल वाचताना ते कारण मला सापडलं.

मी घरापासून दूर आहे का? तीन प्रश्नांपैकी माझं एकही ‘होय’ येत नाही.

तिकिटाचं काय झालं तेही सांगते, नाहीतर लेख अपुरा राहील. नियम बदलणं माझ्या हातात नव्हतं, आणि कोड नियमाप्रमाणे बरोबर होता. बाईंचा भत्ता करपात्रच राहिला. पण मी मॅनेजरला दोन गोष्टी सुचवल्या. कुणी कायमचा पत्ता बदलायला घेतला की ‘सेव्ह’ दाबण्याआधी साध्या भाषेत एक सूचना दिसावी: या बदलाने तुमच्या भत्त्यावर कर लागू शकतो, घर विकण्याआधी किंवा सोडण्याआधी करसल्लागाराशी बोला. आणि पगाराच्या कागदावर नुसतं ‘आयटिनरंट’ छापू नये, कुठल्या प्रश्नाचं उत्तर बदलल्यामुळे हे झालं ते लिहावं. पहिली सूचना सप्टेंबरच्या रिलीजमध्ये गेली. दुसरी अजून यादीत आहे, खाली कुठेतरी.

बाईंना मी सविस्तर उत्तर लिहिलं. तीन प्रश्न, त्यांची आधीची उत्तरं, आताची उत्तरं. दोन दिवसांनी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: हे मला मार्चआधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी तिकीट बंद केलं. मग काकांना फोन लावला आणि दिवाळीला चार दिवस राहायला येते म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “अगं, विचारतेस काय?”